आदल्या दिवशीच्या गोळ्या

ताप नाही, खोकला नाही, अंगावर कुठं साधं खरचटलेलंही नाही, आणि डॉक्टरीणबाई अँटिबायोटिक लिहून देत होत्या. मी तिथल्या तिथं विचारलं, "मॅडम, ह्या गोळ्या कशाला? ऑपरेशन तर अजून व्हायचंच आहे." माझा आवाज चढला असणार, कारण बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. माझा आवाज चढायला फारसं कारण लागत नाही. घुग्घुसच्या खाणीत मी वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन आहे, आणि तिथले लोक मला तोंडावर ट्रान्सफॉर्मर म्हणतात.

मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती. लवकर सापडली, काढून टाकता येते, असं त्या म्हणाल्या होत्या. चंद्रपूरच्या त्या सर्जन वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं ठाम. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगायला लागल्या.

"भाऊ, आतड्यात जंतू असतातच. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. तिथं आहेत तोवर ते आपल्या घरी आहेत, त्यांचा काही त्रास नाही. पण मी आतडं कापणार, मग जोडणार. तेवढ्यात ते बाहेर सांडले आणि जखमेत बसले, की टाके पिकतात. म्हणून आदल्या दिवशी आधी पोट धुवायचं औषध प्यायचं. पोट साफ झालं, की ह्या गोळ्या. त्या आतल्या आत जंतू कमी करतात. ऑपरेशनच्या वेळी शिरेतून इंजेक्शन देऊच. सगळं मिळून धोका बराच कमी होतो. अजिबात राहत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही."

हे शेवटचं वाक्य मला आवडलं. ज्याला स्वतःच्या कामाची माहिती असते तोच असं बोलतो.

"म्हणजे शटडाऊन," मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं, की आमच्याकडं लाईनवर हात घालायच्या आधी सप्लाय बंद करतात, आणि काढलेला फ्यूज तिथं ठेवत नाहीत. ज्यानं काढला त्याच्याच खिशात तो राहतो. काम संपून तो माणूस खाली उतरेपर्यंत साहेब आला तरी फ्यूज कोणाला मिळत नाही. नाहीतर दुसरा कोणी तरी येतो, लाईट गेली म्हणून परस्पर फ्यूज बसवतो, आणि वर खांबावर माणूस असतो.

"तसंच समजा," मॅडम हसून म्हणाल्या. "गोळ्या चुकवू नका म्हणजे झालं."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "किती बोलता तुम्ही." पण माझ्या कानात एकच शब्द अडकला होता. पिकतात.

खरं सांगायचं तर गाठीची मला तेवढी भीती नव्हती. गाठ मी पाहिलेली नव्हती. पिकलेलं पोट पाहिलं होतं. मी शाळेत होतो तेव्हा माझ्या बापाचं आतडं फुटलं होतं. धानोऱ्याच्या पुढं जंगलातलं आमचं गाव, तिथून बैलगाडी, मग जीप, मग दवाखाना. ऑपरेशन झालं तेव्हा बाप अर्धा गेलेला होता. गोळ्याबिळ्यांना कोणाला उसंत नव्हती, जीव वाचवायची घाई होती. जीव वाचला, पण टाके पिकले आणि उसवले. पुढं कितीतरी महिने बाप मागच्या खोलीत खाटेवर होता आणि माझी मोठी बहीण त्याची जखम धूत होती. आई आधीच गेली होती. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई सकाळी त्या खोलीच्या दारात उभी राहायची, एक श्वास आत ओढायची, आणि पट्टी सोडायच्या आधीच सांगायची, "आज जास्त हाय" किंवा "आज कमी हाय." तिला वासावरून कळायचं. मी अंगणात जेवायला बसायचो, तरी घास उतरायचा नाही. बाप उठला, पण नांगराला परत कधी हात लावू शकला नाही.

म्हणून मला मरायची नाही, तसं पडून राहायची भीती होती. मी रागीट माणूस, खाटेवर पडलो तर घरच्यांना जगू देणार नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि बायकोला जास्तच ठाऊक आहे.

गोळ्या दोन प्रकारच्या होत्या. एक कुठंही मिळते. दुसरी काही मिळेना. शेवटी हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घेतली आणि घरी आणून फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. वर्कशॉपात सगळ्यांना फ्यूजची गोष्ट सांगून झाली. एक जण म्हणाला, "ताप नाई, काई नाई, अन् अँटिबायोटिक काऊन घेऊन राह्यला बे?" त्याला मी चहाच्या टपरीवर अर्धा तास आतडं समजावलं. त्याचा चहा गार झाला. दूधवाल्यालाही समजावलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी ते पोट धुवायचं औषध प्यायलो. मोठ्या बाटलीत पूड कालवायची आणि थोडं थोडं करून सगळं संपवायचं. चव अशी, की खारट लिंबू सरबतात कोणी साबण विरघळवला आहे. त्यानंतर जे झालं ते सभ्य घरात लिहिण्यासारखं नाही. आमचं क्वार्टर कंपनीचं, संडास एक, आणि त्या दिवशी त्यावर माझा एकट्याचा ताबा होता. खायला काही नाही. फक्त पाणी, गाळलेलं नारळपाणी, साखरमीठ घातलेलं लिंबूपाणी. शेजारी कोणीतरी कांदा परतत होतं आणि मी त्या अनोळखी कांद्यावर मनातल्या मनात जेवत होतो.

दुपारी बाई आली. मोहफुलं पडायचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्या गावात पहाटे घरात कोणी सापडत नाही, सगळे मोहाखाली. ती फुलं तशीच सोडून ती एसटीनं गडचिरोली, मग चंद्रपूर, आणि तिथून ऑटोनं घुग्घुसला आली. कोळशाच्या धुळीनं तिचं पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं. हातातल्या पिशवीत आंबिलीचं पीठ होतं. लहानपणी मला काहीही झालं, की ती आंबील करून पाजायची. ताप आला, आंबील. परीक्षेत नापास झालो तरी आंबील.

"आज नाई चालत बाई," मी म्हणालो. "आज पोट रिकामं ठेवायचं आहे."

"रिकामं?" तिनं माझ्याकडं वरून खाली पाहिलं. "हे तर खपाटीले गेलं."

त्याच वेळी बायकोनं गोळ्यांची पहिली खेप माझ्या हातात दिली. मी त्या गिळल्या. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव आली, थोडं मळमळलं, आणि नेमकं तेव्हाच पोटात पुन्हा कळ उठली. मी संडासाकडं धावलो. परत आलो, बसलो, पुन्हा धावलो. बाई दारातल्या पायरीवर बसून पाहत होती. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण गप्प बसणं आमच्या घराण्यात कोणाला जमत नाही.

दिवेलागणीला गोळ्यांची दुसरी खेप घ्यायची होती. बायकोनं डबा उघडला. त्यात सुया, रबरं, जुनी बिलं, सगळं होतं. गोळ्या नव्हत्या.

माझा पारा चढला. बायकोला म्हणालो, तूच कुठं तरी ठेवल्या. ती म्हणाली, मी हातच लावला नाही. फ्रिज पुढं ओढला, गाद्या उलट्या केल्या, कचऱ्याचा डबा अंगणात रिकामा केला. मी ओरडत होतो, मधूनच संडासाकडं पळत होतो आणि आतूनही ओरडत होतो. शेजारचा पोरगा मोटरसायकल घेऊन मेडिकलमध्ये जाऊन आला. एक गोळी मिळाली, दुसरी नाही. चंद्रपूरला जाऊन आणायची तर हॉस्पिटलचं मेडिकल उघडं असेल का, तेही माहीत नव्हतं. तोंडचं पाणी पळालं. एवढं सगळं नीट चाललं होतं, आणि आता गोळ्यांवाचून उद्या माझं पोट उघडणार. मला त्या मागच्या खोलीचा वास यायला लागला. खरंच आला, नाकात.

तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, "अवो, बाईकडं पाहा."

एवढ्या गोंधळात बाई पायरीवरून हलली नव्हती. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं आणि मुठीबाहेर गाठ दिसत होती. पैसे बांधतात तशी, पण मोठी, टोकदार.

"बाई," मी म्हणालो, "गोळ्या तुझ्याकडं आहेत?"

"हायेत."

"दे मग."

"नाई देत."

मी तिच्यावर ओरडलो. तिच्यावर मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. उद्या माझं पोट फाडणार आहेत, म्हणालो, तुला काही समजते का, कोणी सांगितलं होतं गोळ्यांना हात लावायला? ती तशीच बसून राहिली. माझं ओरडून झाल्यावर ती बोलली, आणि माझ्याकडं न पाहता बोलली.

"दुपारी माह्या डोळ्यानं पाह्यलं मी. गोळी घेतली आन् तू धावला. ह्या गोळ्यायनंच हागवण लागली तुले. माहं लेकरू असंच करत होतं. नाल्याले पूर होता, कुठी नेता येत नवतं. आंगातलं सारं पाणी निघून गेलं त्याच्या, आन् मी बसून पाहत राह्यली. आता तुले बी बसून पाहू काय?"

तिचं पहिलं मूल हगवणीनं गेलं, हे मला माहीत होतं. पण ते मला दुसऱ्यांकडून माहीत होतं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. माझा सगळा राग जागच्या जागी विझला. तिच्या त्या मुठीकडं पाहिलं आणि मला आमच्या लाईनमनचा खिसा आठवला. माणूस वर खांबावर आहे आणि फ्यूज माझ्याकडं आहे, कोण मागतो पाहू. बाईनं तिच्या परीनं माझी लाईन बंद केली होती.

मी तिच्याजवळ पायरीवर बसलो आणि समजावून पाहिलं. जुलाब गोळ्यांनी नाहीत, सकाळच्या औषधानं आहेत, ते मुद्दाम प्यायचं असते. ती म्हणाली, "मुद्दाम कोणी हागवण लावून घेते काय?" ऐकायला ते खरंच वेडेपणाचं वाटतं.

शेवटी बायकोनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी बसतील, ऑपरेशन पुढं ढकलतील. पण त्या म्हणाल्या, "फोन त्यांनाच द्या."

बाईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"बाई, जुलाब मी लावले आहेत," मॅडम म्हणाल्या. "सकाळच्या औषधानं. आतडं धुतल्याशिवाय मला कापता येत नाही. आता ते कमी होत जातील. पाणी, साखरमीठ पीत आहेत ना ते?"

"पिऊन राह्यला."

"लघवी होते आहे?"

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "होय म्हंते."

"मग अंगातलं पाणी आटलेलं नाही. तुम्ही त्यांना पाणी पाजत राहा. चक्कर आली, उलट्या झाल्या, तर लगेच मला फोन करा."

"आन् मंग ह्या गोळ्या कायले?"

"उद्या आतडं कापल्यावर तिथली घाण जखमेला लागू शकते. मग पू होतो, टाके उसवतात. तसं होऊ नये म्हणून गोळ्या."

बाईनं फोन आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "आमच्या बापाले झालता. मीच धुवत होती."

"तेच होऊ द्यायचं नाही आपल्याला."

"मंग हे मले कोणी सांगतलंच नाई," बाई म्हणाली. फोनमध्ये म्हणाली, पण पाहिलं माझ्याकडं.

ते खरं होतं. वर्कशॉपाला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि ज्या बाईनं बापाचं पोट धुतलं तिला मी एवढंच म्हणालो होतो, की ऑपरेशनच्या गोळ्या आहेत.

मॅडमनी मला सांगितलं, उशीर झाला तरी आत्ता घ्या, आणि झोपतानाची खेप तेवढीच पुढं सरकवा. बाईनं गाठ सोडायला घेतली. इतकी आवळली होती, की शेवटी दातांनी सोडावी लागली. गोळ्या तिनं स्वतः मोजून माझ्या तळहातावर ठेवल्या, पाण्याचा गिलास तोंडाला लावला, आणि मी गिळल्यावर म्हणाली, "तोंड उघड." मी उघडलं. "जीभ वर कर." पन्नाशी उलटलेला माणूस मी, जीभ वर केली. बायको आत जाऊन हसून घेत होती. झोपतानाची खेपही बाईनंच दिली, तोपर्यंत पाकीट तिच्याच पदरात होतं आणि मी ते मागितलं नाही.

सकाळी चंद्रपूरला निघताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून ओठातल्या ओठात वंदना म्हटली. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत ती ट्रॉलीचा दांडा धरून आली. पुढचं मला आठवत नाही, आणि आठवत नाही हे किती बरं.

शुद्धीवर आल्यावर एक नवीनच परीक्षा सुरू झाली. रोज सकाळी मॅडम येणार आणि विचारणार, "गॅस पास झाला?" जोडलेलं आतडं कामाला लागलं, की गॅस होतो म्हणे, आणि तोपर्यंत सगळे तोंडाकडं पाहत बसतात. जन्मभर ज्या गोष्टीसाठी बायकोची बोलणी खाल्ली, तिची आता अख्खा वॉर्ड वाट पाहत होता. ती झाली तेव्हा बायको औषधं आणायला गेली होती. बाईनं वॉर्डाच्या दारात जाऊन हाक दिली, "सिस्टर! झालं वो, झालं!" शेजारच्या खाटेवरच्या माणसाला टाके होते, त्याला हसताना रडू आलं.

गाठीचा तपासणीचा रिपोर्ट पुढं यायचा होता. तो आला आणि चांगला आला. गाठ पूर्ण निघाली, बाकी कुठं काही नाही, फक्त अधूनमधून तपासून घ्यायचं. पण माझा जीव भांड्यात पडला तो त्या रिपोर्टनं नाही, त्याच्या आधीच.

पोटावरची पट्टी पहिल्यांदा सोडायची होती. सिस्टरनं ट्रे आणला, मॅडम खाटेच्या कडेला उभ्या राहिल्या. मी छताकडं पाहत होतो. बाईला सिस्टर म्हणाली, बाहेर थांबा. बाई हलली नाही. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "राहू द्या त्यांना. जरा मागं उभ्या राहतील."

चिकटपट्टी निघाली. कापूस निघाला. बाईनं पदर तोंडाला लावला, मग काढला. होती तिथूनच थोडी पुढं वाकली, आणि दारात उभी राहून बापाच्या खोलीतली हवा ओढायची तसा एक लांब श्वास तिनं आत ओढला. मी तो ओळखला. मी माझा श्वास धरून ठेवला होता.

तिनं पुन्हा एकदा ओढला.

"वास नाई," ती म्हणाली. मग मॅडमकडं वळली, जणू त्यांना अजून कळलं नसावं. "डॉक्टरीणबाई, वास नाईच."

"नाहीच," मॅडम म्हणाल्या. "कोरडी आहे."

बाई स्टुलावर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मीही रडलो, टाके दुखत होते तरी रडलो. बापासाठी, त्या लेकरासाठी की माझ्यासाठी, ते आम्ही कोणी कोणाला विचारलं नाही. पोटावर पट्टी परत बसवून सिस्टर निघून गेली. बाईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि दाराकडं निघालेल्या मॅडमना पाठीमागून विचारलं, "आता आंबील पाजू काय ह्याले?"

"पाजा," त्या म्हणाल्या. "पातळ करून."